रशियन कलेची सचित्र पुस्तके: पानावरचे चित्र कोणत्या सालचे आहे?

जुनी_पाने (धागालेखक)

माझ्या टेबलावर या क्षणी दोन पुस्तके शेजारीशेजारी उघडी आहेत आणि दोन्हींत एकच चित्र आहे: अंद्रेय रुब्ल्योव या भिक्षू-चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या आरंभी रंगवलेले तीन देवदूतांचे ‘पवित्र त्रैक्य’. एका पुस्तकात मधल्या देवदूताचे उपरणे गोकर्णीच्या फुलासारखे निळे आहे. दुसऱ्यात तेच उपरणे राखाडीकडे झुकले आहे आणि मागची सोनेरी जमीन हळदीसारखी पिवळी पडली आहे. मूळ लाकडी फलक १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद आहे. माझ्या दोन्ही पुस्तकांतली चित्रे वीतभर. तरीही पहिल्या पुस्तकातल्या चित्रावर भिंग धरले की तेजोवलयांच्या कडेने आणि सोनेरी जमिनीवर बारीक भोके दिसतात. ती खिळ्यांची भोके आहेत, आणि त्या भोकांमुळेच हा धागा काढावासा वाटला.

आपल्याकडे मूर्तीवर चांदीचे कवच चढवतात, तसे रशियात पूज्य आयकॉनवर, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या पूजेच्या चित्रावर, सोन्याचांदीच्या पत्र्याचे आवरण ठोकण्याची रीत होती. चेहरे आणि हात तेवढे उघडे राहत आणि बाकीचे चित्र पत्र्याखाली जाई. त्याशिवाय आयकॉन पूर्ण झाल्यावर त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, म्हणजे आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात तशा तेलाचा, थर देत. रशियन कारागीर त्याला ‘ओलिफा’ म्हणतात. रंग खुलवणारा हा थर ऐंशी-शंभर वर्षांत धूर आणि काजळी शोषून काळा होई. मग पुढच्या पिढीतला चित्रकार त्याच रेषांवरून पुन्हा नवे चित्र रंगवी. १५५१ साली मॉस्कोत भरलेल्या धर्मसभेने आयकॉन रुब्ल्योवप्रमाणे रंगवावेत असा दंडक घातला खरा, पण पुढची साडेतीनशे वर्षे रुब्ल्योवचा हात प्रत्यक्षात फारसा कुणाला दिसतच नव्हता. १९०४ साली संग्राहक इल्या ओस्त्रोउखोव यांच्या पुढाकाराने वसिली गुर्यानोव यांनी या फलकावरचे आवरण उतरवले, तेव्हा खाली एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीचे तपकिरी चित्र निघाले. ते थर काढल्यावर निळा, फिकट हिरवा आणि पिकत आलेल्या गव्हासारखा पिवळा रंग वर आला. काही वर्षे पुन्हा पत्र्याखाली गेलेल्या या चित्राची १९१८ साली नव्याने सफाई सुरू झाली आणि १९२९ साली ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आले. २०२३ साली जीर्णोद्धार-तज्ज्ञांचा विरोध असतानाही ते चर्चकडे सोपवण्यात आले.

आता सांगा, ‘त्रैक्य’चे चित्र म्हणून पुस्तकात छापलेले चित्र नेमके कशाचे असते? आवरणाचे, वरच्या थराचे, गुर्यानोव यांच्या हाताखालून गेलेल्या फलकाचे, की १९१८ नंतरच्या? गेली काही वर्षे मी रशियन कला, स्थापत्य आणि लोकजीवन यांवरची सचित्र पुस्तके जमवतो आहे. त्यांतले कोणते घ्यावे, असे अनेक मित्र विचारतात. माझे उत्तर असे असते की नावे आणि किमती नंतर पाहू, आधी प्रत्येक चित्राखाली ते केव्हा टिपले हे दिले आहे का ते पाहा. रशियातली वास्तू आणि चित्रे इतक्या वेळा झाकली, उघडली, जळाली आणि पुन्हा उभी राहिली आहेत की साल नसलेले चित्र अर्धेच असते.

ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचे लाकडी चर्च हे दुसरे उदाहरण. १७१४ साली बांधलेले, ३७ मीटर उंचीचे आणि २२ घुमटांचे हे चर्च रशियावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असते. आपल्याला ओळखीचे झालेले त्याचे रूप म्हणजे उघडे, करडे पडलेले पाइनचे ओंडके आणि वर रुपेरी घुमट. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत ते असे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या आणि घुमटांवर लोखंडी पत्रा बसवला होता. हे सारे १९५० च्या दशकात स्थापत्यज्ञ अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव यांच्या देखरेखीखाली काढून टाकण्यात आले. फळ्या काढल्यामुळे ओंडके पुन्हा पावसाला उघडे पडले, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो मला बिनबुडाचा वाटत नाही. म्हणजे जुने आणि अस्सल म्हणून ज्या रूपाकडे आपण पाहतो, ते छायाचित्राच्या हिशेबाने सत्तर वर्षांपूर्वीचे आहे.

आणि नोव्हगोरोद हे जुने शहर! त्याच्याजवळचे नेरेदित्साचे चर्च ११९८ साली बांधले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आतल्या भिंती जमिनीपासून घुमटापर्यंत चित्रांनी भरल्या. १९४१ नंतर युद्धाची आघाडी या गावापाशी अडली, आणि तोफांच्या माऱ्यात चर्च कोसळले. आज उभी असलेली इमारत १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे आणि भित्तिचित्रांचा अगदी थोडा भाग तिच्यात शिल्लक आहे. बाकीची चित्रे आज युद्धापूर्वीच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत आणि जलरंगांतल्या प्रतींतच उरली आहेत. जवळच्याच वोलोतोवोच्या चर्चचीही तीच गत झाली. त्याच्या भित्तिचित्रांचे सुमारे १७ लाख तुकडे ढिगाऱ्यातून वेचण्यात आले. जीर्णोद्धारक एकेक तुकडा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतात आणि देवदूताचा डोळा कुठे आणि वस्त्राची चुणी कुठे ते ठरवतात. या कामाची वाट कोवाल्योवोच्या चर्चमध्ये १९६५ पासून अलेक्सांद्र आणि वालेन्तिना ग्रेकोव या दांपत्याने घालून दिली होती. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन त्या अंधाऱ्या चर्चमध्ये उभे राहिले नसते, तर आज हे तुकडे निव्वळ रंगीत चुना ठरले असते.

छायाचित्रांचे नशीबही कधीकधी इमारतींसारखेच असते. चित्रकार आणि कला-इतिहासकार इगोर ग्राबार यांनी १९१० च्या सुमारास रशियन कलेचा पहिला मोठा सचित्र इतिहास भाग-भाग करून काढायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडची लाकडी चर्चे, जुने वाडे आणि मठ यांची हजारो छायाचित्रे गोळा केली. १९१५ साली मॉस्कोत जर्मनविरोधी दंगल उसळली, तिच्यात प्रकाशक क्नेबेल यांच्या मालमत्तेवर जमाव चालून गेला आणि त्या काचेच्या निगेटिव्ह फुटल्या. ग्रंथ अपुरा राहिला. तीनच वर्षांनी हेच ग्राबार ‘त्रैक्य’ची सफाई करणाऱ्या आयोगाचे प्रमुख झाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गमावलेल्या छायाचित्रांचे दुःख ज्याला ठाऊक होते, त्याच्याच देखरेखीखाली हा फलक उघडला गेला.

तुमच्या कपाटात अशी पुस्तके असतील तर कृपया येथे लिहा. पुस्तकाचे नाव नसले तरी चालेल. त्यातले एखादे चित्र, त्याखालचा मजकूर आणि छपाई कशी आहे ते सविस्तर सांगा.

निळी_शाई

धागा दोनदा वाचला आणि वाचनखूण साठवली. आमच्या घरात या पुस्तकांचा मार्ग वेगळा होता. वडील गिरणगावात शिक्षक होते. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून आणि गावोगावी भरणाऱ्या प्रदर्शनांतून ते मॉस्कोत छापलेली पुस्तके आणत. मराठीत भाषांतरित झालेली मुलांची पुस्तके आम्ही वाचायचो आणि चित्रांची जाड पुस्तके, जी इंग्रजीत होती, ती वडील रविवारी हात धुऊन उघडायचे. त्या पुस्तकांचा वास मला अजून आठवतो. ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत पानांची आम्ही वह्यांना कव्हरे घालत असू, आणि माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर मॉस्कोच्या लाल चौकातले ते रंगीबेरंगी घुमटांचे चर्च होते.

माझा प्रश्न असा आहे की बहुतेक पुस्तकांत छायाचित्राचे साल दिलेलेच नसते. मग सामान्य वाचकाने ते ओळखायचे कसे?

जुनी_पाने

निळी_शाई, प्रश्न रास्त आहे. मी आधी शेवटचे पान पाहतो. सोव्हिएत काळातल्या पुस्तकांत छापखाना, प्रतींची संख्या आणि पुस्तक छपाईला मंजूर झाल्याची तारीख शेवटी बारीक अक्षरांत दिलेली असते. छायाचित्र त्या तारखेच्या आधीचे असणार, एवढे तरी नक्की होते. मग छायाचित्रकारांची यादी पाहावी. ज्या प्रकाशकाने छायाचित्रकारांची नावे पाननिहाय दिली आहेत, त्याच्या पुस्तकावर मी अधिक विश्वास ठेवतो. लेनिनग्राडच्या ‘अव्रोरा’ या प्रकाशन संस्थेची परदेशी वाचकांसाठी काढलेली पुस्तके या दृष्टीने चांगली आहेत. त्यांत चित्राचे माप, माध्यम आणि ते आज कुठे आहे हे दिलेले असते.

छपाईचे तंत्रही बोलते. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेट छपाई. एकोणिसाव्या शतकातल्या रंगीत शिळाछापात अशी नियमित जाळी नसते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असतो आणि रंग सपाट, दाट बसतो. फ्योदोर सोल्न्त्सेव या भूदासाच्या मुलाने क्रेमलिनमधले मुकुट, शस्त्रे, भांडी आणि पोशाख यांची चित्रे काढण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. ती १८४९ ते १८५३ या काळात अशाच शिळाछापात, पाचशेहून अधिक चित्रपानांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. आता तिची पाने ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. छायाचित्रणाच्या आधी एका माणसाच्या डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली ही नोंद आहे, म्हणून तिच्यात सोल्न्त्सेवची नीटनेटकेपणाची आवडही उतरली आहे. जिथे मूळ वस्तू झिजली होती, तिथे त्याची रेघ मात्र नवी कोरी आहे.

रंधा

आमचे घराणे कोकणातले सुतारांचे, त्यामुळे किझीच्या चर्चबद्दल थोडे लिहितो.

हे चर्च एकाही खिळ्याशिवाय बांधले आहे, असे वाक्य अनेक सचित्र पुस्तकांत छापलेले असते आणि ते सरसकट खरे नाही. भिंतींचे आडवे ओंडके कोपऱ्यावर एकमेकांत खाच पाडून बसवलेले आहेत, त्यांना खिळ्यांची गरज नाही, हे बरोबर. पण घुमटांवर बसवलेल्या लाकडी खवल्या, ज्यांना रशियन सुतार ‘लेमेख’ म्हणतात, त्या खिळ्यांनीच ठोकतात. या खवल्या आस्पेन नावाच्या झाडाच्या असतात. लाकूड ताजे असताना त्यांचा रंग पिवळसर असतो आणि ऊनपाऊस खाऊन त्या रुपेरी होतात. म्हणून कोणत्याही छायाचित्रात घुमट सोनेरी-पिवळे दिसले तर खवल्या नुकत्याच बदलल्या आहेत असे समजावे. धागालेखक साल ओळखण्याबद्दल लिहितात, त्यात ही एक खूण सुताराकडून.

सुताराच्या नजरेला पुस्तकात हवे असते ते कोपऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, आणि नेमके तेच बहुतेक पुस्तकांत नसते. सूर्यास्त, सरोवर आणि घुमट यांची दहा चित्रे असतात. माझ्याकडे असलेल्या एका पुस्तकात मात्र चर्चचा उभा छेद दिला आहे. त्यात अष्टकोनी चौकटीवर दुसरी लहान अष्टकोनी चौकट आणि तिच्यावर तिसरी अशी रचना दिसते, आणि चार बाजूंना पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या जोडखोल्या या उंच गाभ्याला बाजूने धरून ठेवतात हे एका दृष्टिक्षेपात कळते. त्या एका पानासाठी मी ते पुस्तक घेतले.

दुरुस्तीचीही कथा सांगण्यासारखी आहे. चर्च कलल्यामुळे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या आत पोलादी सांगाडा उभा केला आणि लोकांना आत जाणे बंद झाले. पुढे सगळी इमारत उतरवण्याऐवजी वरचा भाग त्या सांगाड्यावर उचलून धरला, खालचा एकेक पट्टा सोडवला, कुजलेले ओंडके बदलले आणि पट्टा पुन्हा जागेवर बसवला. सबंध वाडा अधांतरी धरून त्याचे जोते बदलण्यासारखे हे काम आहे. चाळीस वर्षांनी, २०२० साली, लोक पुन्हा आत गेले. या मधल्या काळातल्या कुठल्याही पुस्तकात आतल्या आयकॉन-भिंतीचे रंगीत चित्र असेल तर ते १९८० च्या आधीचे असणार.

जुनी_पाने

रंधा, ही माहिती मला नवीन आहे. खवल्यांच्या रंगाची खूण मी आजच माझ्या तीन पुस्तकांवर ताडून पाहिली आणि एका पुस्तकातली दोन छायाचित्रे वेगवेगळ्या काळातली असल्याचे त्यामुळे लक्षात आले. मनापासून आभार.

रेघ

धाग्यात अजून लोककथांची चित्रे काढणारे इवान बिलीबिन यांचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. मी व्यवसायाने चित्रकार आहे आणि बिलीबिन यांच्या रेषेने मला या क्षेत्रात आणले.

येथे आतापर्यंत कलेविषयीच्या पुस्तकांची चर्चा झाली. बिलीबिन यांच्या बाबतीत पुस्तक हीच कलाकृती आहे. १९०१ ते १९०३ या काळात त्यांच्या लोककथांच्या सहा पुस्तिका निघाल्या. त्या छापल्या सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्याने, जिथे नोटा आणि तिकिटे छापली जात. त्यामुळे रंगीत छपाईची त्या काळातली सर्वांत काटेकोर यंत्रणा एका मुलांच्या पुस्तकासाठी राबली. पुस्तिका मोठ्या आकाराच्या आणि जेमतेम बारा पानांच्या. चित्राभोवती जाड नक्षीची चौकट, चित्रात काळी, एकसारख्या जाडीची बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट जलरंग. आधी पेन्सिलीने रचना करायची, मग ती शाईने पक्की करायची, आणि सगळ्यात शेवटी रंग. रेषा कधी थरथरत नसे, म्हणून मित्रांनी त्यांना ‘लोखंडी हाताचा इवान’ असे नाव ठेवले होते. लोककथेतली वासिलिसा काठीवर कवटी घेऊन रात्री रानातून चालली आहे आणि कवटीच्या डोळ्यांतून उजेड पडतो आहे, ते चित्र पाहिले की हे नाव पटते. त्या उजेडालाही त्यांनी रेषेतच धरले आहे.

सालाचा मुद्दा येथेही लागू होतो. कथांची पहिली चित्रे १८९९-१९०० ची आहेत. त्यानंतर १९०२ ते १९०४ या काळात बिलीबिन वोलोग्दा, अर्खांगेल्स्क आणि ओलोनेत्स या उत्तरेकडच्या प्रांतांत हिंडले. संग्रहालयासाठी त्यांनी भरतकाम, कोरीव लाकूड, पोशाख गोळा केले, लाकडी चर्चांची छायाचित्रे घेतली आणि १९०४ साली ‘मीर इस्कुस्त्वा’ मासिकात उत्तरेच्या लोककलेवर लेख लिहिला. या प्रवासाच्या आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून पाहा. आधीच्या चित्रांत रान आणि जादू जिवंत आहेत, पण कपडे ढोबळ आहेत. नंतर पुश्किनच्या काव्यकथांसाठी काढलेल्या चित्रांत स्त्रियांच्या शिरोभूषणावरचा मोती न् मोती पाहिलेल्या माणसाने काढला आहे हे कळते. मला स्वतःला आधीचे रान अधिक आवडते, पण अभ्यासासाठी मी नंतरची पाने उघडते.

एक दुःखाची गोष्टही सांगते. हल्लीच्या अनेक पुनर्मुद्रणांत त्यांच्या चौकटी कापून टाकलेल्या असतात, कारण आतले चित्र मोठे करता येते. चौकट कापली की बिलीबिन यांचे अर्धे काम गेले. त्या चौकटींत कथेतलीच पाने, फुले, पक्षी आहेत. त्या कथेचाच भाग आहेत. घेण्याआधी ही एक गोष्ट जरूर तपासावी.

१९२० साली देश सोडून इजिप्त आणि पॅरिस येथे राहिल्यावर बिलीबिन १९३६ मध्ये लेनिनग्राडला परतले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, शहराला पडलेल्या वेढ्यात, उपासमारीने गेले. गावोगावची लोककला पुढच्या पिढ्यांसाठी टिपून ठेवणाऱ्या माणसाचा असा शेवट व्हावा, हे मला अजून स्वीकारता येत नाही.

उत्तररात्र

नोकरीनिमित्त दोन वर्षे मॉस्कोत होतो. पुस्तकात पाहिलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांतला फरक सांगतो.

निळी_शाई यांच्या वहीवरचे चर्च म्हणजे १५५५ ते १५६१ या काळात झार इवान चौथ्याने काझान शहर जिंकल्यानंतर बांधवलेले पोक्रोव चर्च. सगळी पुस्तके ते बाहेरून दाखवतात आणि आत मोठे सभागृह असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते एका मधल्या चर्चभोवती आठ लहान चर्चे अशा रचनेचे आहे, शिवाय संत वासिलीचे दहावे चर्च १५८८ साली जोडले. आत गेल्यावर अरुंद, वळणारे बोळ लागतात आणि त्यांतून आपण विहिरीसारख्या उंच, चिंचोळ्या खोल्यांत शिरतो. मान वर केली की डोळे फिरतात. एका पानभर छापलेल्या नकाशाने हे सहज समजले असते, पण मी पाहिलेल्या पुस्तकांपैकी फारच थोड्यांत तो आहे. घुमटांचे आजचे रंग मूळ बांधकामानंतरच्या काळातले आहेत, हेही चित्राखाली क्वचितच सांगतात.

दुसरी गोष्ट मापाची. चित्रकार सुरिकोव यांचे १८८७ मधले ‘बोयारिना मोरोझोवा’ हे चित्र तीन मीटर उंच आणि जवळपास सहा मीटर रुंद आहे. त्रेत्याकोवमध्ये त्याच्यासमोर उभे राहिले की बर्फातली ती घसरगाडी आपल्यापासून दूर निघाली आहे आणि आपणही रस्त्याच्या कडेच्या गर्दीत आहोत असे वाटते. माझ्याकडच्या पुस्तकात ते दोन पानांवर पसरले आहे आणि साखळदंडात जखडलेल्या त्या बाईने उंचावलेली दोन बोटे पुस्तकाच्या शिवणीजवळ गेली आहेत. ती दोन बोटे हाच तर त्या चित्राचा विषय आहे. क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, या वादात जुन्या पंथाच्या बाजूने ती उभी राहिली होती.

रेघ

उत्तररात्र यांच्या प्रतिसादाला जोडून: चित्रकार मालेविचचा ‘काळा चौकोन’ पुस्तकात नेहमी पांढऱ्या पानाच्या मधोमध छापतात. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राडच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या, प्रदर्शनात त्याने तो खोलीच्या कोपऱ्यात, छताला लागून टांगला होता. रशियन शेतकऱ्याच्या घरात आयकॉन तिथेच असतो. त्या प्रदर्शनाचे छायाचित्र उपलब्ध आहे आणि ज्या पुस्तकात ते चौकोनाशेजारी छापले आहे, तेच पुस्तक मी विद्यार्थ्यांना दाखवते. शिवाय चौकोन आज सपाट काळा राहिलेला नाही, त्याला सर्वत्र बारीक तडे गेले आहेत आणि तड्यांतून खालचे रंग डोकावतात. छपाईत हे तडे बुजवून टाकणाऱ्या प्रकाशकाने वाचकाला दुसरेच चित्र दाखवले, असे मी म्हणेन.

पहिले_पान

मी या विषयात अगदी नवीन आहे. गेल्या वर्षी आंतरजालावरून आयकॉनवरचे एक महागडे पुस्तक मागवले. आल्यावर पाहिले तर चित्रे संगणकावरून उतरवून मोठी केलेली, चेहऱ्यांच्या कडा फाटलेल्या आणि एकाही चित्राखाली माप किंवा संग्रहालयाचे नाव नाही. तक्रारीला उत्तर आले नाही. आता पुन्हा पैसे घालण्याची भीती वाटते. कोठून सुरुवात करावी?

जुनी_पाने

पहिले_पान, पैसे न घालता सुरुवात करा. सेर्गेय प्रोकुदिन-गोर्स्की या रसायनज्ञ छायाचित्रकाराने मुख्यतः १९०९ ते १९१५ या काळात, झारने दिलेल्या रेल्वेच्या डब्यात अंधारखोली थाटून, रशियाभर रंगीत छायाचित्रे घेतली. एकाच काचेच्या पट्टीवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकापाठोपाठ तीन प्रतिमा तो घेई. त्यामुळे वाहते पाणी किंवा हललेला माणूस यांच्या कडेला रंगांची झालर दिसते, कारण तीन क्षणांत तो तीन ठिकाणी होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ साली हा संग्रह त्याच्या वारसांकडून विकत घेतला. त्यातल्या १,९०२ निगेटिव्ह आता आंतरजालावर मोफत पाहता येतात, आणि उतरवूनही घेता येतात. रोस्तोव, सुझदाल, उत्तरेकडचे मठ, शेतकऱ्यांची घरे, सगळे त्यात आहे, आणि अनेकांचे साल दिलेले आहे. एखादे चर्च त्यात पाहा आणि मग तेच चर्च आजच्या पुस्तकात शोधा.

पुस्तक घ्यायचेच झाले तर आधी एकाच जागेवरचे घ्या. सबंध रशियन कला तीनशे पानांत सांगणाऱ्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीला एक चित्र येते आणि काहीच जवळून दिसत नाही. फेरापोंतोवो मठात चित्रकार दिओनिसी आणि त्याच्या मुलांनी १५०२ साली ३४ दिवसांत चर्चच्या भिंती रंगवल्या; हे दिवस दारावरच्या लेखातच नोंदलेले आहेत. फक्त त्या एका चर्चवरची पुस्तके मिळतात. त्यांत भिंतीमागून भिंत पाहता येते आणि कोणते चित्र कोणाच्या समोर येते ते कळते. निळा रंग किती फिका आहे तेवढे पाहून घ्या. तो भडक छापला असेल तर पुस्तक परत ठेवा.

निळी_शाई

रविवारी वडिलांचे कपाट उघडले. कारेलिया प्रांतातल्या लाकडी वास्तूंवरचे एक पुस्तक निघाले. शेवटच्या पानावर १९७० च्या दशकातली तारीख आहे. त्यात कोंदोपोगाच्या उस्पेन्स्की चर्चचे पानभर छायाचित्र आहे, ओनेगाच्या पाण्यात उतरलेल्या त्याच्या उंच, निमुळत्या मनोऱ्याच्या प्रतिबिंबासह. खाली १७७४ हे बांधकामाचे साल आहे आणि उंची ४२ मीटर दिली आहे. नाव शोधल्यावर कळले की हे चर्च ऑगस्ट २०१८ मध्ये एका किशोरवयीन मुलाने लावलेल्या आगीत पूर्ण जळाले. वडील २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखी ते उभेच होते.

रंधा, कोपऱ्याच्या खाचा या छायाचित्रात चांगल्या दिसत आहेत, आणि पुढच्या पानावर आतल्या रंगवलेल्या छताचेही चित्र आहे. छायाचित्रकाराचे नाव चित्राखाली रशियनमध्ये छापलेले आहे आणि मला ती अक्षरे वाचता येत नाहीत. दोन्ही पानांचे फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून येथे टाकते. उत्तररात्र, तुम्हाला ते नाव वाचता येईल का?